राऊतबाईंचे सात दिवस

बोळिंज नाक्यावरच्या मटणवाल्याचं ठाम मत होतं की या राऊतबाईंना भेजा-फ्रायचं व्यसन आहे. दुसरं काय कारण असणार? दर रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला ही अठ्ठावन्न वर्षांची बाई स्कूटर लावून उभी. वर पुन्हा अटी. "भेजा अख्खा दे. फोडू नकोस. मागचा छोटा मेंदू आहे ना, तो जागच्या जागी पाहिजे. त्याला बोटसुद्धा लावू नकोस." एकदा न राहवून त्यानं विचारलं, "ताई, मागच्याची चव वेगळी असते का ओ?" रांगेत आठ-दहा माणसं. बाईंनी, म्हणजे जयवंतीनं, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "असते." समजावत बसायला वेळ कोणाला होता.

तिच्या बोटांची टोकंही कायम काळी. कितीही घासली तरी न निघणारे डाग. शेजारच्या सोसायटीतल्या निधीनं तर दोनदा येऊन विचारलं होतं, "काकू, तुम्ही केस रंगवून देता का? किती घेता?"

खरी गोष्ट अशी की जयवंती वसईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचना विभागात तंत्रज्ञ होती. मेंदूचे काप करायचे, ते रंगवायचे आणि काचेच्या पट्टीवर चढवायचे, हे तिचं तेहेतीस वर्षांचं काम. बोटांवरचे डाग चांदीच्या क्षाराचे होते. तिची पद्धत जुनी, दीडशे वर्षांपूर्वीची. मेंदूचा वाटाण्याएवढा तुकडा आधी नारिंगी रसायनात मुरवायचा, मग चांदीच्या पाण्यात घालून अंधारात ठेवायचा. एवढं केलं की शंभरातल्या दोन-चार पेशी काळ्या होतात, पण होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत, एकही फांदी न सोडता. त्याच का होतात आणि शेजारच्या का नाही, हे आजवर कोणाला धड सांगता आलेलं नाही. भल्याभल्या कॉलेजांनी कंटाळून ही पद्धत सोडून दिली. जयवंतीच्या हाताला मात्र ती यायची. पुण्याहून, नागपूरहून माणसं तिच्या स्लाइड बघायला यायची, आणि ती कोपऱ्यात उभी राहून त्यांचे आ वासलेले चेहरे बघायची. या कौतुकाला ती सोकावली होती, हे खोटं कशाला बोला.

तिची खासियत म्हणजे छोटा मेंदू. डोक्याच्या मागे, खाली बसलेला. आपण चालताना तोल जात नाही आणि भाकरी थापताना हात चुकत नाही, ती त्याची मेहेरबानी. त्यात पुर्किंजे नावाची पेशी असते, पंख्यासारखी पसरलेली, इतकी देखणी की पहिल्यांदा बघणारा हटकून "अरे वा" म्हणतो. जयवंतीच्या स्लाइडवर तिची प्रत्येक फांदी मोजून घ्यावी.

आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं. कारण ज्ञानदाला पुर्किंजे नको होती.

ज्ञानदा ही एम.डी.ची विद्यार्थिनी. मूळची साताऱ्याकडची, राहायला मनवेलपाड्यात, बोलायला अखंड. तिनं प्रबंधाला विषय घेतला तो छोट्या मेंदूतल्या ग्लिया पेशींचा. ग्लिया म्हणजे मेंदूतली राबणारी जात. या पेशी विचार करत नाहीत, हुकूम देत नाहीत. विचार करणाऱ्यांना धरून ठेवायचं, त्यांचं सांडलंलवंडलं पुसायचं, खाऊपिऊ घालायचं. छोट्या मेंदूत पुर्किंजेच्या पायाशी अशा एका जातीच्या ग्लिया दाटीवाटीनं बसलेल्या असतात. तिथून त्यांचे बारीक सरळ धागे वर मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत जातात आणि तिथे पाऊल टेकून उभे राहतात. मेंदू वाढत असताना वरच्या थरात जन्मलेल्या नव्या पेशी याच धाग्यांना धरून खाली आपल्या घरी उतरतात.

ज्ञानदानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जयवंती म्हणाली, "म्हणजे माडावरून गडी उतरतो तसं."

"एक्झॅक्टली, ताई! तो माड मला पाहिजे. एवढी एकच गोष्ट."

ती एकच गोष्ट येईना. बाकीचा प्रबंध तयार होता; मोजमापं झाली होती, तक्ते झाले होते. फक्त या चांदीच्या स्लाइडचं प्रकरण रिकामं. तीन महिन्यांत जयवंतीनं अकरा वेळा बोकडाचा मेंदू आणला आणि अकरा वेळा काचेवर पुर्किंजे फुलली. एकाहून एक सुंदर. ग्लिया म्हणाल तर औषधाला नाही. चांदी बदलून पाहिली, बाटल्या बदलल्या, एकदा तर मटणवालाही बदलला, त्यावरून तो बिचारा रुसला तो वेगळाच.

विभागप्रमुख कुलथे सरांनी फेब्रुवारी लागताच सांगितलं, "महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे. ग्लिया आली नाही तर विषय बदलू. एक सत्र जाईल, दुसरं काय." दुसरं काय म्हणायला त्यांचं काय जात होतं? ज्ञानदा जिन्यात बसून रडली. आणि जयवंतीला त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण त्याच महिनाअखेरीला तिची निवृत्ती होती. तेहेतीस वर्षांत तिनं हार म्हणून मानली नव्हती, ती नेमकी शेवटच्या महिन्यात दारात येऊन उभी राहिली होती. शिवाय पोरीचं नुकसान तिच्या हातून होणार होतं. तिला ते फार लागलं.

आता यात एक गोम होती, आणि ती सगळ्या विभागाला भिंतीवर रोज दिसत होती. जयवंतीच्या टेबलाच्या वर, तिच्याच वळणदार अक्षरात एक पाटी होती: 'सात दिवसांच्या आत बाटली उघडू नये.' पुस्तकात नारिंगी रसायनात मुरवायचे दिवस तीन, चार, पाच असे काहीबाही लिहिलेले असत. पण या विभागात पुस्तक चालत नसे, राऊतबाईंचे सात दिवस चालत. ज्ञानदानं सुरुवातीलाच एकदा भीतभीत विचारलं होतं, "ताई, थोडे कमी दिवस ठेवून बघायचं का?" त्यावर जयवंतीनं तिच्याकडे जे बघितलं, त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. कुलथे सरांनीही कधी काढला नव्हता. ते बत्तीस वर्षांचे असल्यापासून या बाईला थोडे दबूनच होते.

हे सात दिवस आले होते सुकेळीतून.

जयवंतीच्या सासरची वाडी बोळिंजच्या पलीकडे, टॉवरांची रांग संपते तिथे. आता चाफा, मोगरा, थोडे माड आणि राजेळी केळी एवढंच उरलंय. नवरा काशिनाथ त्या राजेळीची सुकेळी करतो. घड उतरवायचा, पेंढ्यात दाबून पिकवायचा, मग केळी सोलून दिवसच्या दिवस उन्हात सुकवायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. शेवटी मधासारखी दिसणारी ती चिवट गोड सुकेळी केळीच्या सुक्या सोपटात बांधून ठेवायची. आता हे करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. यातली सगळी मेख पिकवण्यात असते. केळं पुरतं पिकण्याआधी उन्हात टाकलं की ते वाकडं होतं, काळं पडतं, आणि चव तुरट ती तुरटच. राऊतांच्या घरात उतावळेपणाइतकं मोठं पाप नव्हतं. लग्न ठरवायलासुद्धा त्यांनी दोन वर्षं घेतली होती.

नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी जयवंतीच्या हातून ते पाप घडलं. मुलगा उमंग तेव्हा दोन वर्षांचा. तिनं मेंदूचे तुकडे रसायनात घातले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या अंगावर गोवर उठला. आठ दिवस सुट्टी घेणं भाग होतं. तुकडे आठ दिवस तसेच राहिले तर फुकट जातील, म्हणून तिनं ते धावतपळत, पुरते दोन दिवस झालेले असताना, काढून चांदीत टाकले आणि घरी पळाली. परत आल्यावर काप केले तर पुर्किंजेचा पत्ता नाही. नुसत्या काळ्या काड्या आणि जाळी. तेव्हाच्या साहेबांनी भरल्या वर्गासमोर स्लाइड उजेडाकडे धरली आणि विचारलं, "ही कोळिष्टकं कुठल्या माळ्यावरून आणलीत, बाई?" चाळीस पोरं हसली.

त्या संध्याकाळी ती वाडीत येऊन रडली. काशिनाथ केळी उलटी करत होता. त्याला मेंदूतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कच्चं म्हणजे काय ते कळत होतं. म्हणाला, "पिकू दिलं नाय तू. सात दिवस पुरते देत जा. बघ कशी येतात ती." तिनं सात दिवस दिले आणि खरंच अशी पुर्किंजे आली की तेच साहेब खुर्चीतून उठले. तेव्हापासून पाटी लागली. फसलेल्या त्या चोवीस स्लाइड तिनं फेकल्या नाहीत. लाकडी पेटीत घालून वर 'कच्च्या' आणि खाली तारीख अशी चिठ्ठी डकवली आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. चूक जवळ ठेवली की पुन्हा होत नाही, असा तिचा हिशेब. आणि घरी उमंगला जन्मभर एक टोमणा मिळाला. त्यानं कधी घाई केली की ती म्हणायची, "तुझ्या गोवरापायी माझी एक अख्खी बॅच कच्ची राहिली, ठाऊक आहे ना?" उमंग आता बत्तिशीचा बाप्या, विरारला स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, पण अजून हा टोमणा आला की त्याचे कान लाल होतात.

तर निवृत्तीला नऊ दिवस राहिले असताना, गुरुवारी, जयवंती कपाट आवरायला बसली. सामानाची यादी करून द्यायची होती. ज्ञानदा यादी लिहीत होती. आता तिला तसंही काही काम उरलं नव्हतं. तळाशी हात घालून जयवंतीनं ती पेटी काढली, धूळ झटकली आणि बाजूला कचऱ्याच्या टोपलीत ठेवली.

"हे काय, ताई?"

"माझं पाप. टाकून दे. आता कोणाला आठवण ठेवायची आहे?"

ज्ञानदाच्या अंगात खोड होती: काच दिसली की उजेडाकडे धरायची. तिनं एक स्लाइड धरली. मग मायक्रोस्कोपखाली सरकवली. जयवंती पुढची बरणी पुसत होती. बरीच पुसून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ही अखंड बोलणारी पोर पाच मिनिटं गप्प आहे.

"काय गो बाय? डोळ्यांत काही गेलं का?"

"ताई," ज्ञानदाचा आवाज चिरकला, "ताई, तुम्ही इकडे या. आधी इकडे या."

जयवंतीनं डोळा लावला. तीस वर्षांत तिनं ही स्लाइड पुन्हा बघितली नव्हती. लाज वाटे. आता बघितलं. खाली एका ओळीत बसलेल्या गुठळ्या, आणि प्रत्येकीतून निघालेले दोन-तीन सरळ, काटेरी धागे, पावसाच्या रेघांसारखे, थेट वरपर्यंत गेलेले. वर पोचल्यावर प्रत्येकाचं लहानसं पाऊल. सगळी पावलं एकमेकांना चिकटून उभी. शेजारीपाजारी पुर्किंजे एकही नाही, नुसती ग्लिया. साहेबांची कोळिष्टकं.

"चोवीसच्या चोवीस असणार," ज्ञानदा पेटी उपसत होती. "आपण अकरा बोकड घातले, ताई! आणि हे खाली कपाटात! किती दिवस ठेवले होते हे?"

"दोन," जयवंती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोसुद्धा तीस वर्षांचा, आणि कळसा तिनंच लपवलेला.

कुलथे सरांनी धावत येऊन बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं, आणि मग ते एक जुनं पुस्तक काढून बसले. त्यात एका तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ग्लिया आधी येते, दोन-तीन दिवसांत, पुर्किंजेसारख्या पेशी त्यानंतर. सात दिवसांपर्यंत थांबलं तर ग्लियाची वेळ केव्हाच टळलेली. सर पुटपुटले, "हे आपण वाचायला हवं होतं." आपण म्हणजे त्यांनी, पण ते जाऊ दे.

तरी काम संपलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या एका पेटीवर प्रबंध उभा राहत नाही. ते पुन्हा करून दाखवावं लागतं. जयवंती तशीच उठली आणि स्कूटर काढून नाक्यावर गेली. मटणवाला बघतच राहिला. "ताई, आज गुरुवार!" तिनं हात जोडले, "दे बाबा. अख्खा. आज तर बोटसुद्धा लावू नकोस." त्याची आता खात्रीच पटली असणार.

दुपारी एकपर्यंत तुकडे रसायनात गेले. बाटली शनिवारी उघडायची होती. घरी आल्यावर मात्र जयवंतीचं तोंड उतरलं. काशिनाथ ओट्यावर बसून सुकेळी सोपटात बांधत होता. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "माझा हात उघडायला धजेल असं वाटत नाही. आणि तुम्ही सांगितलं होतं हो सात दिवस. तुमच्या सुकेळीनं पोरीचं सत्र घालवलं असतं."

काशिनाथनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला.

"मना काय ठाऊक तुमचा मेंदू? मी सुकेळीचं सांगितलं. तू कधी विचारलंस, वेफरची केळी कोन पिकवतो म्हनून? वेफरला कच्चंच लागतं. पिकलं की वेफर नाय होत. केळं तेच गो."

जयवंतीला इतका राग आला की तिला हसू आलं. तीस वर्षं हा माणूस वेफरवाल्याला कच्चे घड विकत होता, आणि ते घड टेम्पोत चढवायला ती स्वतः हात लावत होती.

शनिवारी दुपारी एक वाजता दोन दिवस पुरे झाले. जयवंती बाटलीसमोर उभी राहिली. वर ती पाटी. हात झाकणापर्यंत गेला आणि थांबला. तीस वर्षांची सवय. हाताला पटवायचं कसं? ज्ञानदा चांदीच्या पाण्याची बाटली धरून जवळ उभी होती. मग जयवंतीनं पाटी भिंतीवरून काढली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि एका झटक्यात झाकण फिरवलं.

चांदीत आणखी दोन दिवस. सोमवारी दुपारी तिनं काप केले, एकेक काप उचलून काचेवर घेतला. पहिली स्लाइड ज्ञानदाकडे सरकवून ती मुद्दाम सिंकपाशी जाऊन बाटल्या विसळत उभी राहिली. बघायची हिंमत नव्हती. मग मागून अशी किंकाळी आली की शेजारच्या वर्गातले सगळे बाहेर पळाले. त्यांना वाटलं साप निघाला.

"माड! ताई, माड! सगळे माड!"

चार दिवस दोघींनी जेवणाचे डबेसुद्धा टेबलावरच उघडले. प्रबंध शुक्रवारी गेला, एक दिवस आधी.

शनिवारी निरोप समारंभ. शाल, नारळ, कुलथे सरांचं भाषण. सभागृहात पहिल्या रांगेत जयवंतीच्या एका बाजूला इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला काशिनाथ, त्याच्या मांडीवर सगळ्यांना वाटायला आणलेल्या सुकेळीची पिशवी, आणि दुसऱ्या बाजूला दुकान बंद ठेवून आलेला उमंग. सरांनी सात दिवसांच्या पाटीचा किस्सा सांगितला. ती पाटी आता पुन्हा भिंतीवर होती. खाली जयवंतीनं एक ओळ वाढवली होती: 'ग्लिया हवी असल्यास दोन.' सगळे हसले. मग ज्ञानदानं दिवे घालवले आणि पडद्यावर एक चित्र आणलं.

भिंतभर सरळ काळे धागे, वरपर्यंत गेलेले, वर टेकलेली पावलं. खाली लिहिलेलं होतं: 'ग्लिया, बोकडाचा छोटा मेंदू. स्लाइड: जयवंती काशिनाथ राऊत.' आणि त्यापुढे तीस वर्षांपूर्वीची तारीख. प्रबंधातलं पहिलं चित्र हेच होतं. सभागृहात कोणीतरी "अरे वा" म्हणालं. एके काळी याच चित्रावर चाळीस पोरं हसली होती. जयवंतीला ते आठवलं आणि तिचे डोळे भरून आले.

शेजारी बसलेल्या उमंगनं वाकून विचारलं, "आई, ही कुठली गं तारीख? ओळखीची वाटते."

"तुझा गोवर," ती म्हणाली.

उमंगचे कान सवयीनं लाल झाले. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "म्हणजे ही ती बॅच? माझ्यामुळे कच्ची राहिलेली?"

जयवंतीनं त्याचा हात आपल्या काळ्या बोटांत धरला. "नाही रे राजा," ती म्हणाली. "वेळेवर काढली होती."